खालच्या अंगाचा झिरा

बुद्धपौर्णिमेनंतरचा रविवार. ऊन चढायच्या आत. ठिकाण : कुकडीकाठचं माझं माहेर, महादेवाचा घाट.

हजर असलेले : सरपंच, घरचं पाणी ग्रामपंचायतीचा नळ. ग्रामसेवक, मुक्काम जुन्नर, पाणी बिल्डिंगच्या टाकीचं. माझा थोरला भाऊ, पाणी स्वतःच्या विहिरीचं. रोहिणी, बौद्धवस्तीवरची ग्रामपंचायत सदस्य आणि सरांची पुतणी, पाणी नळाचं, "पन धार करंगळीएवढी, हेबी लिवा ताई." माझ्याबरोबर पेठहून आलेल्या आमच्या महिला मंडळाच्या बायका, पाणी उन्हाळ्यात टँकरचं. पुण्याचं एक निवृत्त जोडपं. आपल्या घरचं पाणी कुठून येतं ते त्यांना सांगता आलं नाही, म्हणून सरांनी त्यांच्या नावापुढे "विचारून कळवतील" असं लिहायला लावलं. मी, सासर पेठ, पाणी मंडळाप्रमाणेच. आणि सर.

हजेरीत नाव, गाव आणि घरचं पाणी लिहायचं, हा सरांचा नियम. कोणी हसलं तरी ते हसायचे नाहीत. "नाव आईबापांनी दिलेलं असतं, गाव कागदावर असतं. पाणी रोज भरावं लागतं. ते सांगा," म्हणायचे.

त्या रविवारी सरांना एकच गोष्ट हवी होती : आलेल्या सगळ्यांनी नदीफेरीच्या शेवटच्या थांब्यापर्यंत चालावं. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. नदीच्या खालच्या अंगाला, वस्तीच्या पाठीमागे, काँक्रीटचा नवा घाट बांधायचा ठराव तिच्यात यायचा होता. पायऱ्या, रेलिंग, पेव्हर ब्लॉक, बसायला बाकं. वस्तीतल्या जवळजवळ सगळ्यांना तो घाट हवा होता. सर त्याच वस्तीतले, आणि त्यांना एकट्याला तो नको होता.

का नको, हे त्यांनी कोणालाच नीट सांगितलं नव्हतं. "येऊन बघा," एवढंच म्हणायचे. आणि तिथपर्यंत कोणी येत नव्हतं.

सर मला आठवीला भूगोल शिकवायला होते. पहिल्याच तासाला त्यांनी भिंतीवरचा नकाशा गुंडाळून कपाटावर टाकला आणि शाळेच्या नळाचं सांडपाणी कुठे जातं ते बघायला आम्हाला गटाराच्या कडेकडेनं चालवत नेलं. गटार ओढ्याला मिळालं, ओढा नदीला. नदीवर पोहोचलो तोवर शाळा सुटली होती आणि दप्तरं वर्गात कुलूपबंद झाली होती. पालक हेडमास्तरांकडे गेले. सर म्हणाले, "पुढच्या तासाला समुद्रापर्यंत जायचं होतं. तुम्ही म्हणता म्हणून थांबतो."

डावं आणि उजवं हे शब्द त्यांच्या तोंडी नव्हते. नदी जिकडून येते ते वरचं अंग, जिकडे जाते ते खालचं अंग. नदीवर असताना ते ठीकच, पण सर घरात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे असंच बोलायचे. पंगतीत वाढप्याला सांगायचे, "मीठ जरा वरच्या अंगाला वाढ." चष्मा हरवला की रोहिणी विचारायची, "नाना, शेवटचा कुठं ठेवला व्हता?" आतून उत्तर यायचं, "टीव्हीच्या खालच्या अंगाला." तिला सवय होती, ती बरोबर तिथेच हात घालायची. मंचरच्या डॉक्टरांना मात्र सवय नव्हती. कोणत्या डोळ्याला कमी दिसतं, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "वरच्या अंगाच्या." डॉक्टरांनी दोन्ही तपासले. घरी येताना मी म्हटलं, "सर, त्यांनी खुर्ची फिरवली असती तर डोळा बदलला असता." सर म्हणाले, "खुर्ची फिरवली तरी नदी फिरते का?"

माझं लग्न ठरत होतं तेव्हा वडिलांनी त्यांना बैठकीला बोलावलं होतं. देण्याघेण्याचं बोलणं सुरू व्हायच्या आधीच सरांनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना विचारलं, "पाणी कुठलं?" सासरे म्हणाले, आमचं सातगाव पठार, पाऊस पडला तर विहीर, नाही पडला तर टँकर. सरांनी वडिलांकडे वळून, सगळ्या पाहुण्यांसमोर सांगितलं, "मुलगा चांगला आहे. पोरीला पातेली कमी द्या, हंडे जास्त द्या." सासरे चांगलेच रागावले. वडिलांनी हंडे जास्त दिले. ते मी आजही वापरते आणि दर उन्हाळ्यात सासऱ्यांनाही ते वापरावे लागले.

मला यादी करायची सवय शाळेपासूनची. वर्गाची मॉनिटर मी, सहलीच्या डब्यांची नोंद माझ्याकडे. सर मला यादीबाई म्हणायचे. लग्नानंतरही म्हणायचे, माझ्या सुनेसमोरही म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी नदीफेरी सुरू केली. सुरुवातीला फेरी म्हणजे सर आणि जो सापडेल तो. ओझरला विघ्नहराचं दर्शन करून निघालेली एखादी गाडी गावात चहाला थांबली की सर तिच्या दारापाशी जाऊन उभे राहायचे. "देव झाला. नदी बघायची का?" लोक त्यांना फुलं विकणारा समजायचे. मी आमच्या मंडळाच्या सहली काढत होते, ओझर, लेण्याद्री, घाटघरवरून नाणेघाट. त्यात मी सरांची फेरी बसवली. मग नावं घेणं, फोनवरचा ग्रुप, निघायची वेळ, औषधाची पेटी, सेफ्टी पिना, हे सगळं माझ्याकडे आलं. बोलणं फक्त सरांचं.

फेरीला येताना प्रत्येकानं घरून एक रिकामा तांब्या आणायचा. वही नाही, कॅमेरा नाही, तांब्या. "घाट डोळ्यांनी बघायचा नसतो. पाणी भरून बघायचा असतो," असं सर म्हणायचे, आणि खरोखर दर थांब्यावर सगळ्यांना नदीत उतरवून तांब्या भरायला लावायचे. भरला की ओतायचा, पुढच्या ठिकाणी पुन्हा भरायचा. पुण्यामुंबईची माणसं आधी कानकोंडी व्हायची. "सर, हे पिण्याचं आहे का?" "नाही. बघण्याचं आहे."

पण पाणी भरायला वाकलं की कळायचं. महादेवाच्या घाटाच्या पायऱ्या अरुंद आणि उंच आहेत. देवाला एक तांब्या पुरतो, उतरणारा एकटा असतो आणि त्याला घाई नसते, म्हणून पाथरवटानं तशाच घडवल्या. तिथून थोडं खाली गावघाट. तिथे काही पायऱ्या उतरलं की एक रुंद पायरी लागते, पुन्हा काही पायऱ्या, पुन्हा रुंद. भरलेला हंडा टेकवायला. त्या रुंद दगडांवर गोल खळगे पडलेत, बायकांनी हंडे टेकवून टेकवून पाडलेले. आमच्या मंडळाच्या बायका त्या खळग्यांत हात फिरवत बसायच्या, उठायलाच तयार नसायच्या. त्याच घाटाच्या कडेला एका दगडावर माझ्या खापरपणजोबांचं नाव कोरलेलं आहे. सर मला त्या दगडाशेजारी उभं करायचे. "ह्या बाईच्या घराण्यानं बांधला. चांगला बांधला. दगड कोणी वाहिले ते लिहायला जागा पुरली नाही. चला."

पुढे परटांचे धुण्याचे दगड, उभ्यानं आपटता येईल अशा उंचीचे, पाण्याकडे कललेले. त्यापुढे गुरांचा उतार. तिथली फरशी मुद्दाम टाकीनं खडबडीत केलेली आहे, बैलाचा खूर घसरू नये म्हणून. सर छत्रीचं टोक त्या रेघांवर घासून दाखवायचे. "बैलाचा पाय मोडू नये म्हणून कोणीतरी उन्हात बसून एवढ्या टाक्या मारल्या," असं म्हणून ते सगळ्यांकडे एकदा बघायचे आणि पुढचं वाक्य बोलायचे, "आता खालचं पाणी."

आणि नेमकी इथेच फेरी फुटायची. गुरांच्या उताराकडून एक रस्ता वर गावात जातो आणि त्याच्या तोंडाशीच मिसळीचं दुकान आहे. तोवर ऊन लागायला लागलेलं. कोणीतरी विचारायचं, "सर, तिकडे काय आहे?"

"काही नाही."

"मग?"

"तेच बघायचंय."

काहीच नाही ते बघायला कोण जाणार? त्यात सरांची सवय सगळ्यांच्या मागून चालायची. पुढे चाललं की नदी दिसत नाही म्हणायचे, मागून येणाऱ्यांचीच काळजी वाटत राहते. ते शेवटच्या दमलेल्या माणसाला घेऊन उतारावर पोहोचेपर्यंत पुढचे मिसळीच्या बाकांवर बसलेले असायचे. मग सर एकटेच खाली जायचे. बऱ्याच वेळानं परत यायचे ते ओल्या धोतरानं, गुडघ्यांना वाळू लागलेली, हातात भरलेला तांब्या. तो मिसळीच्या टेबलावर ठेवायचे आणि कोणी काही विचारतं का याची वाट बघायचे. पाणी काचेसारखं असायचं. लोकांना वाटायचं, दुकानाच्या फिल्टरचं आहे. एकदोघं त्यात हात धुवायचे.

मी माझ्या परीनं उपाय केले. मिसळ फेरीच्या आधी ठेवून पाहिली, तर लोक पहिल्या घाटावरच बसले. दुकानदाराला म्हटलं, बाबा, तूच पातेलं घेऊन खाली ये, तो म्हणाला, "रस्ताच न्हाई ताई, रस्सा वाळूत सांडू का?" शेवटी मी सरांना सुचवलं, "फेरी खालून सुरू करू. सकाळी सगळे ताजे असतात. आधी खालचं पाणी, मग चढत चढत महादेव."

सरांनी छत्री जमिनीवर टेकवली. "नदी उलटी वाहवता का, यादीबाई?"

"नदी नाही सर, माणसं."

"माणसांनी पाण्यासारखंच यायचं. वरून खाली. नाहीतर फेरीला अर्थ नाही." आणि त्यानंतर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

म्हणून त्या रविवारी, ग्रामसभेच्या आदल्या दिवशी, मी सरांना न विचारता एक गोष्ट केली. महादेवाच्या घाटावर सगळे चपला काढूनच उतरतात. सगळे खाली तांबे भरत होते, तेवढ्यात हजेरीत मी मुद्दाम न लिहिलेल्या माझ्या यजमानांनी वरच्या सगळ्या चपला आणि बूट बटाट्याच्या गोण्यांत भरले, पिकअपमध्ये टाकून वस्तीपर्यंत नेले आणि तिथून खांद्यावरून शेवटच्या थांब्यावर नेऊन ठेवले.

आधी पुण्याच्या काकांच्या लक्षात आलं. "अहो, माझे शूज? ऑर्थोपेडिकचे आहेत ते!"

"पुढं गेलेत, काका. शेवटी मिळतील."

"पुढं म्हणजे?"

"खालच्या अंगाला."

सरपंच पांढऱ्या कपड्यांत, अनवाणी, पायरीवर उभे. "ताई, ही काय पद्धत झाली का राव? गावचा सरपंच हाय मी."

"म्हणून तुमच्या वेगळ्या पिशवीत घातल्यात," मी म्हटलं.

माझा भाऊ हसायला लागला आणि स्वतःच्याही गेल्यात हे कळल्यावर थांबला. रोहिणी तोंडाला पदर लावून नदीकडे बघत होती. सर सगळ्यांत शेवटी वर आले. काय झालं ते त्यांना कोणीतरी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"यादीबाई, हे यादीत होतं?"

"होतं, सर."

सर हसले. मी त्यांना तसं खळखळून हसताना शाळेत कधी पाहिलं नव्हतं, नंतरही फारसं नाही. "चला," म्हणाले.

त्या दिवशी मिसळीच्या दुकानासमोरून सगळी फेरी अनवाणी पुढे गेली. दुकानदार झारा हातात घेऊन बघत राहिला.

खालच्या पाण्यावर खरंच काही नव्हतं. पुढच्या बंधाऱ्यात पाणी अडवलं की ती जागा बुडते आणि उन्हाळ्यात ओसरलं की उघडी पडते. वाळूचा एक पट्टा, चारदोन काळे खडक, एक बाभूळ. एकही घडवलेला दगड नाही. खडकावर गोण्या आणि गोण्यांशेजारी माझे यजमान. सगळे चपलांकडे धावले.

"चपला नंतर," सर म्हणाले. "तांबे भरा."

सरपंच सवयीनं धारेकडे वाकले आणि तसेच थांबले. धारेवर साबणाचा फेस येत होता, त्यात शेणाचं काहीबाही. "सर, हे?"

"वरूनच आलंय की. आधी देवानं घेतलं, मग गावानं, मग परटांनी, मग गुरांनी. मग आम्ही. बैलांच्या पायाखाली फरशी बघितलीत ना मघाशी? आता आमच्या पायाखाली बघा."

सगळ्यांनी खाली बघितलं. सगळ्यांचे पाय वाळूत होते आणि वाळू तापायला लागली होती.

कोणीच तांब्या भरला नाही. मग सरांनी छत्री बाजूला ठेवली, धारेपासून थोडं दूर वाळूत गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी उकरायला लागले. वाळू ओली लागली, मग खळगा झाला, खळग्यात हळूहळू पाणी आलं. गढूळ. खिशातून त्यांनी एक पितळी वाटी काढली, ते पाणी काढून फेकलं. पुन्हा आलं, पुन्हा फेकलं. आणि मग मांडी घालून बसले.

"आता?" ग्रामसेवकानं विचारलं.

"आता बसायचं. वाळू गाळून देते, पण तिची तिची वेळ घेते."

वाट बघता बघता सर बोलले. त्यांची आई रोज ह्याच वाळूत झिरा उकरायची. रात्री गुरं बुजवून टाकायची, पाणी चढलं की वाहून जायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा उकरायचा. वाळूनं तिची नखं झिजली होती. सर लहान होते, वाटी धरायचं काम त्यांचं. छप्पन्न सालानंतर वस्तीनं धर्म बदलला, पुढे वस्तीची विहीर झाली, मग नळ आले आणि खालच्या पाण्यावर यायचं सगळ्यांनीच सोडलं. "गावानं घाट एकदा बांधला आणि नाव कोरलं," सर म्हणाले. "आमच्या बायकांनी रोज बांधला. रोज वाहून गेला."

पाणी निवळलं होतं. सरांनी वाटीवाटीनं तांब्या भरला. पुण्याच्या काकूंनी महादेवाच्या घाटावरचं पाणी घरी न्यायला म्हणून ठेवलं होतं, तो तांब्या सरांनी मागून घेतला आणि शेजारी ठेवला. आमच्या मंडळाच्या सखूबाई वाकून दोन्हीत बघून आल्या. टँकरच्या पाण्यावर आयुष्य काढलेल्या बाईचा पाण्याबद्दलचा शब्द आम्ही मोडत नाही.

"सरांचं निवळ हाय," त्या म्हणाल्या.

सरपंच बसले नव्हते. ते मनापासून बोलत होते. "सर, म्हनूनच तर बांधतोय ना. तवा न्हाई दिला, आता सगळ्यात मोठा घाट वस्तीला देतोय. आन तुमीच नको म्हनता?"

"काँक्रीट टाकलं की वाळू बंद. झिरा कुठं उकरणार?"

"उकरायचाय कुनाला, नाना?" रोहिणी पुढे आली. इतका वेळ ती एकटी उभी होती, हाताची घडी घालून. "आज्जीची नखं गेली, हे तुमीच सांगता. मग आमच्या पोरींनीबी वाळूच उकरत बसायचं का? समद्या गावाला पायऱ्या आन आमाला आठवनी? मी माझ्या लेकीला हितं पायऱ्यांवर बसवनार. नखांना नेलपालिश लावून."

सर वाटी पुसत राहिले. वाटी पुसून झाली तरी पुसत राहिले.

"तुझं बरोबर हाय," ते म्हणाले. वस्तीतली बोली ते आमच्यासमोर कधी बोलायचे नाहीत. "पन माझंबी चुकत न्हाई, रोहिणे."

रोहिणीनं वाळूकडे बघितलं, वर वस्तीकडे बघितलं. मग सरपंचांना म्हणाली, "पायऱ्या वरच्या अंगाला घ्या. वाळूपाशी थांबवा. झिऱ्याची जागा मोकळी सोडा."

"बसतंय का प्लॅनमधी?" सरपंचांनी ग्रामसेवकाला विचारलं.

"रेलिंग वळवावं लागंल."

"वळवा मंग."

सर उठले. उठताना त्यांनी रोहिणीचा हात धरला. "एक राहिलं. फेरी येईल तेव्हा इथं झिरा उकरलेला पाहिजे, आणि पाणी निवळलेलं. मी आहे तोवर मी उकरीन. माझ्यानंतर वस्तीतल्या कोणी त्याला हात लावायचा नाही. पुष्कळ उकरलं आम्ही."

"मग कोणी उकरायचा?" माझ्या भावानं विचारलं.

"वरच्या अंगाच्यांनी. यादीबाई, लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. मग गोण्या उघडल्या. घाईत सरपंच पुण्याच्या काकांचे शूज घालून वस्तीपर्यंत गेले आणि परत येऊन म्हणाले, "लई मऊ हायेत हो."

ठराव झाला. घाट झाला, चांगला झाला. पायऱ्या वाळूच्या कडेला येऊन थांबतात आणि रेलिंग तिथे एक विचित्र वळण घेतं. नवीन माणसाला वाटतं, मोजमाप चुकलं. संध्याकाळी वस्तीतल्या मुली तिथे बसलेल्या असतात. पुढच्या उन्हाळ्यात सरांनी स्वतः झिरा उकरून फेरी घेतली. आता शेवटच्या थांब्यावर यायला कोणाला ओढावं लागत नाही, कारण बाकं आहेत, सावली आहे, आणि मिसळवाल्यानं वस्तीच्या रस्त्याला दुसरं दुकान टाकलंय. सरांना त्याचा राग येत नव्हता. रविवारी वाटीतलं पाणी हातोहात फिरायचं आणि सर मागे उभे राहून ते कोणाकोणाच्या हातात जातं ते बघत राहायचे.

गेल्या थंडीत सर गेले. दवाखान्यात शेवटी भेटले तेव्हा नर्सला सांगत होते, उशी जरा खालच्या अंगाला सरकव. ती बिचारी उशी घेऊन पलंगाभोवती फिरत होती. मी म्हटलं, "खिडकीकडे," आणि तिनं सरकवली.

ह्या उन्हाळ्यात फेरी त्यांच्याशिवाय निघाली. मी यादी केली. नावं घेणं, औषधं, जादा तांबे, बोलायला कोण, मागून चालायला कोण. सगळ्यांपुढे नावं पडली. मागून चालायला माझे यजमान तयार झाले. "झिरा" ह्या शब्दापुढे जागा राहिली. भावाला विचारलं, त्याला कंबरदुखी आहे. सरपंचांना विचारलं, ते म्हणाले, "ताई, जेसीबी पाठवू का? दोन मिनिटाचं काम." मी नको म्हटलं आणि माझं नाव लिहिलं.

शनिवारीच गेले. वाटी रोहिणीनं काढून दिली, स्वतः लेकीला घेऊन वर पायरीवर बसली. "मी हात लावनार न्हाई हां, ताई. नानांचा शब्द हाय."

"माहितीये."

मी उकरलं. वाळू ओली लागली, खळगा झाला आणि कड ढासळून आत पडली. पुन्हा उकरलं, पुन्हा पडली. रोहिणीची मुलगी फोनमधून डोकं काढून बघायला लागली. बऱ्याच वेळानं रोहिणीला राहवलं नाही. "कड लई उभी धरताय. उतरती घ्या. बशीवानी."

बशीसारखी घेतली, तेव्हा कड राहिली. पाणी आलं, गढूळ. काढून टाकलं. पुन्हा आलं, पुन्हा गढूळ. सर मांडी घालून बसायचे तशी बसले, पण माझ्याच्यानं फार वेळ बसवेना, मी मधेच वाटी घातली आणि तळ ढवळला गेला.

"ताई, बसा की जरा," रोहिणी वरून म्हणाली. "कुठं जायचंय?"

खरं तर बऱ्याच ठिकाणी जायचं होतं.

रविवारी फेरी आली. लोकांनी झिरा बघितला. आमच्या सखूबाई तांब्यात वाकून बघून आल्या आणि माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. त्या वेळी सरांनी काय सांगितलं असतं ते मला माहीत नाही. मी म्हटलं, "अजून निवळलं नाही," आणि सगळ्यांना चपला घालायला सांगितलं.

येत्या आठवड्यात धरणातून पाणी सुटेल, बंधारा भरेल आणि वाळू पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बुडेल. त्याआधी मी अजून एकदा जाणार आहे. वाटी माझ्याकडेच आहे, नखं कापून ठेवली आहेत. यादीतल्या बाकी सगळ्या कामांवर खूण झाली. झिरा तेवढा माझ्या नावावर आहे, पाणी गढूळ.